आधी कंदील

सात दिवसांचा वर्ग, विश्रामबागेत,
हजेरी अंगठ्याची.
माझा अंगठा यंत्राला पटेना.
तीस वर्षं खडू धरून रेषा झिजल्या असतील.
नदाफ सरांनी रुमालानं काच पुसून दिली
तेव्हा कुठे मी हजर झाले.

शिकवायला शाहीन पटवेकर.
बारा वर्षांपूर्वी माझ्या तासाला
शेवटच्या बाकावरून ती खिडकीबाहेर बघायची.
आता ती म्हणते, "मॅडम, इथे राईट क्लिक,"
आणि मी खिडकीबाहेर बघते.

पहिल्या दिवशी पासवर्ड.
दुसऱ्या दिवशी पासवर्ड विसरलेल्यांना नवा पासवर्ड.
शिंगटे सरांनी स्वतःची जन्मतारीख ठेवली,
जी सगळ्या स्टाफला पाठ,
कारण त्या दिवशी ते पेढे देतात.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तुमची माहिती कुठे साठवता?
कुणी म्हणालं पेन ड्राइव्हमध्ये, कुणी म्हणालं मुलाकडे.
मी म्हणाले, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात.
हशा झाला. मीही हसले.
पण खरंच, सहाशे चाळीस कार्डं:
हरिपूरची हळदीची पेवं,
खोली, तोंडाचा घेर, पोती किती, मालक कोण,
आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं "चहा दिला".
बरीचशी पेवं पुढे पुराच्या पाण्यात गेली.
डबा माळ्यावर होता, म्हणून राहिला.

पाचव्या दिवशी ते नवं यंत्र, विचारलं की लिहून देणारं.
मी टाइप केलं: हरिपूर, हळद, पेव.
बोट उचलायच्या आत उत्तर हजर,
शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं.
खाली संदर्भांची यादी. त्यात चौथा संदर्भ:
विमल पाखरे, पेवांचे अर्थकारण,
दोन हजार नऊ, पृष्ठे एकेचाळीस ते अठ्ठावन्न.

विमल पाखरे म्हणजे मी.
दोन हजार नऊ साली मी
नॅकच्या फायलींना रंगीत टॅग लावत होते.
असा लेख लिहायचा होता, एवढं खरं.
शीर्षकसुद्धा जवळपास हेच.
क्षणभर मला तो वाचावासा वाटला,
त्या अठरा पानांत मी काय म्हटलंय ते.

शाहीन वाकून म्हणाली, "ठोकून देतं ते कधी कधी."
मग मला दत्तू ऐवळे आठवला, पेवातला हमाल.
"झाकण काढलं की लगेच उतरायचं न्हाई, बाई.
आत वाफ कोंडल्याली असती.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
इझला तर वर बसून तंबाखू मळायची.
माझा थोरला भाऊ कंदिलाच्या आधी उतरला."

हे मी सगळ्या वर्गाला सांगितलं.
मार्गदर्शक तत्त्वांची पस्तीस पानं
शाहीननं तशीच पडद्यावर राहू दिली.
मग मागून, जिथे ती बसायची तिथून विचारल्यासारखं,
"मॅडम, कंदील विझायला किती वेळ लागायचा?"

सहाशे चाळीस कार्डं.
हे मी विचारलंच नव्हतं.

सातव्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं, आडनावात एक चूक.
दुरुस्तीच्या रांगेत न थांबता
रिक्षानं हरिपूरला गेले.
दत्तू गेल्या थंडीत वारला होता.
सून उंबऱ्यात शेंगा निवडत होती.
किती वेळ, ते तिला ठाऊक नव्हतं.
"सासऱ्यांनाच म्हाईत. बसा की."

कोरं कार्ड काढलं.
वर प्रश्न लिहिला,
खाली जागा मोकळी ठेवली,
आणि कोपऱ्यात, पेन्सिलीनं,
चहा दिला.